विशेष अधिवेशन बोलावून मतदार नोंदणीच्या तारखा बदलाव्यात का?

कन्नमवारनगरी

माझी भाची गेल्या वर्षी १२ ऑगस्टला अठरा वर्षांची झाली. १५ जानेवारी २०२६ रोजी मुंबई महापालिकेचे मतदान झाले, तेव्हा ती अठरा वर्षे पाच महिन्यांची होती. आमच्या घरातील सगळे शाई लावून परत आले आणि ती मात्र घरी बसून राहिली, कारण पालिकेसाठी १ जुलै २०२५ रोजी अस्तित्वात असलेली विधानसभेची मतदार यादी धरण्यात आली होती. १ जुलै ते १५ जानेवारी हे अंतर मी मोजले, तर ते १९८ दिवसांचे भरले. या मधल्या काळात वयात आलेल्या मुंबईतील प्रत्येक मुलामुलीला शहराच्या कारभाराबाबत मत नोंदवता आले नाही. आधीची पालिका २०१७ साली निवडली गेली होती, तिची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. म्हणजे एवढी वाट पाहून आलेली निवडणूक या मुलांच्या हातून गेली आणि पुढची येईपर्यंत भाचीचे शिक्षण संपलेले असेल.

माझे मत असे आहे की राज्य सरकारने विधिमंडळाचे एक-दोन दिवसांचे विशेष अधिवेशन बोलावून नोंदणीची तारीख मतदानाच्या जवळ आणणारा कायदा करावा. इतर विषयांसाठी विशेष अधिवेशने होतात, तर यासाठी का होऊ नये? कायद्याची माहिती असणाऱ्यांनी हे शक्य आहे की नाही ते सांगावे आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारणासह लिहावे, अशी विनंती आहे.

लोकल ८.४२

मुंबईत फक्त बिल्डरने दिलेली ताब्याची तारीख बदलते, असा माझा आजवर समज होता.

सनद नसलेला वकील

धागाकर्त्यांनी दोन वेगळ्या तारखा एकत्र केल्या आहेत आणि वर्तमानपत्रेही बहुतेक वेळा तेच करतात, म्हणून आधी त्या वेगळ्या करू.

पहिली तारीख म्हणजे अर्हता दिनांक. या दिवशी वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली असली पाहिजेत. ही तारीख लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम १४ मध्ये आहे. पूर्वी वर्षातून एकच अर्हता दिनांक असे, तो म्हणजे १ जानेवारी. संसदेने डिसेंबर २०२१ मध्ये दुरुस्ती केली आणि १ ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा लागू झाल्या. हा कायदा संसदेचा आहे. मुंबईच्या विधान भवनात कितीही दिवस अधिवेशन चालवले, तरी त्यातील एक अक्षर बदलता येणार नाही.

दुसरी तारीख स्थानिक निवडणुकीची आहे. पालिकेसाठी स्वतंत्र यादी घरोघर फिरून तयार होत नाही, तर विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांमध्ये फोडली जाते. कोणत्या दिवशीची यादी घ्यायची, तो दिवस राज्य निवडणूक आयोग अधिसूचित करतो. संविधानाच्या अनुच्छेद २४३ झेडए प्रमाणे पालिकांच्या याद्या तयार करण्याचे नियंत्रण राज्य निवडणूक आयोगाकडे आहे, परंतु त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात पालिका निवडणुकांशी संबंधित बाबींवर कायदा करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाला दिला आहे.

तुमची भाची १ ऑक्टोबर २०२५ च्या अर्हता दिनांकाला पात्र झाली, म्हणजे पहिल्या तारखेने तिला अडवलेच नाही. तिला अडवले ते दुसऱ्या तारखेने. ही दुसरी तारीख कशी ठरावी याचा नियम राज्याला करता येईल, असे मला वाटते. त्यासाठी विशेष अधिवेशन लागते का आणि ते इष्ट आहे का, हा निराळा प्रश्न आहे आणि माझे त्यावरील उत्तर आज तरी नकारार्थी आहे.

कन्नमवारनगरी

वकीलसाहेब, मनःपूर्वक आभार. १ जुलै हाच अर्हता दिनांकांपैकी एक असल्यामुळे माझा गोंधळ झाला होता. आता माझा प्रश्न फक्त दुसऱ्या तारखेपुरता समजावा.

जुना नायब

मी महसूल खात्यात ३१ वर्षे नोकरी केली आणि त्यांतील बराच काळ निवडणूक शाखेत गेला, म्हणून थोडे टेबलामागचे सांगतो.

१९८ दिवस ऐकायला मोठे वाटतात, पण यादी गोठवल्याशिवाय ती फोडता येत नाही. मुंबईत २२७ प्रभाग आहेत आणि या निवडणुकीत मतदार १ कोटी ३ लाखांवर होते, म्हणजे एका प्रभागाला सरासरी ४५ हजार मतदार आले. विधानसभेच्या यादीचे भाग प्रभागाच्या हद्दीप्रमाणे पाडलेले नसतात. एका यादीभागातल्या पाच इमारती एका प्रभागात आणि सहावी रस्त्यापलीकडच्या प्रभागात, असे सर्रास घडते. ज्या कर्मचाऱ्याला गल्ली पायाखालची असते तो बरोबर फोडतो, परंतु ज्याला नुसता नकाशा हाती दिलेला असतो तो चाळीचा मागचा जिना एका नगरसेवकाला आणि पुढचा जिना दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. म्हणून प्रारूप यादी प्रसिद्ध करायची, हरकती व सूचना मागवायच्या, स्थळपाहणी करायची आणि मग अंतिम यादी करायची, हा क्रम ठेवलेला आहे. खालून विधानसभेची यादी रोज बदलत राहिली, तर वर हे काम कधीच संपणार नाही.

आणखी एक गोष्ट. विधानसभा व लोकसभेच्या यादीत नाव घालणे, वगळणे किंवा बदलणे हे नामनिर्देशनपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर निवडणूक पूर्ण होईपर्यंत कायद्यानेच बंद असते. उमेदवार उभे राहिल्यावर मतदार कोण हे बदलता कामा नये, एवढे साधे तत्त्व त्यामागे आहे. दार केव्हा तरी लावावेच लागते. ज्याच्या तोंडावर ते लागते त्याला अन्याय वाटणारच.

दोन जिने वर

नायबकाका, दार लावावे लागते हे मान्य, पण ते पाच महिने आधी लावून आतल्या खोल्या तरी झाडल्या गेल्या का? प्रारूप याद्या २० नोव्हेंबरला आल्या आणि त्यांत सुमारे ११ लाख दुबार नावे असल्याचे खुद्द आयोगाच्याच आकडेवारीतून बाहेर आले. त्यानंतर हरकतींची मुदत वाढवावी लागली. त्याआधी १ नोव्हेंबरला मतदार याद्यांच्याच प्रश्नावर विरोधी पक्षांचा मोर्चा या शहरात निघाला होता. यादी गोठवण्याचे समर्थन यादी स्वच्छ करण्यासाठी वेळ मिळतो म्हणून करायचे आणि शेवटी दुबार मतदारापुढे खूण करून मतदान केंद्रावर त्याच्याकडून हमीपत्र घेण्याची वेळ यायची, तर तो वेळ नेमका गेला कुठे?

जुना नायब

आपला राग मी समजू शकतो. मात्र दुबार नावे स्थानिक यादी करताना वगळता येत नाहीत, कारण मूळ यादी भारत निवडणूक आयोगाची आहे आणि तिच्यातून नाव काढण्याची कार्यपद्धती तिकडची आहे. राज्य आयोग ती यादी जशीच्या तशी वापरतो. एका घरात धुतलेले कपडे दुसऱ्या घरात वाळत घालण्यासारखा हा प्रकार आहे. डाग दिसला तर वाळत घालणाऱ्याने पुन्हा धुवायचे नाहीत, असा नियम आहे. हा नियम चांगला आहे असे माझे म्हणणे नाही.

मालाडचा मास्तर

मी पालिकेच्या शाळेत शिक्षक आहे आणि गेली काही वर्षे बीएलओ, म्हणजे घरोघर जाऊन मतदार यादीचे काम पाहणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून काम करतो. तारीख बदलण्याच्या चर्चेत तारखेपर्यंत कागद पोहोचवणाऱ्याचा विचार कोणी करत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

शाळा सुटल्यावर दुपारी दोनला मी इमारतींत फिरू लागतो. टॉवरचा पहारेकरी फाटकावर विचारतो की कुठल्या फ्लॅटला जायचे आहे. मी सांगतो की सगळ्याच. तो सचिवांना फोन लावतो आणि सचिव कार्यालयात असतात. जुन्या चाळीत याच्या उलट होते, चहा मिळतो आणि माहितीही मिळते, परंतु ती चाळ पुढच्या वर्षी पुनर्विकासाला जाते. साठ कुटुंबे ठाण्याला, विरारला, कोणी संक्रमण शिबिरात भाड्याने जातात आणि इमारतीच्या जागी खड्डा उरतो. यादीत मात्र त्या खड्ड्याच्या पत्त्यावर दोनशे मतदार असतात. त्यांची नावे वगळावीत तर ते तीन वर्षांनी परत येणार आहेत आणि कायदाही म्हणतो की तात्पुरते बाहेर गेल्यामुळे माणूस सामान्यतः रहिवासी नाही असे होत नाही. ठेवावीत तर पुढे कोणीतरी तीच नावे बोगस म्हणून दाखवतो. जागा बदलल्यास नमुना ८ भरावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. त्यावर ठरलेले उत्तर येते की मास्तर, आधी कुठे कायमचे राहायचे ते ठरू द्या.

अठरा वर्षांच्या मुलांबाबत सांगायचे, तर अर्ज करण्यासाठी वाढदिवसाची वाट पाहण्याची गरज राहिलेली नाही. सतरा वर्षे पूर्ण झाली की नमुना ६ आगाऊ भरता येतो आणि संबंधित तिमाहीच्या अर्हता दिनांकाला नाव यादीत जाते. माझ्या विभागातील कनिष्ठ महाविद्यालयात मी हे सांगायला गेलो, तेव्हा सभागृह भरलेले होते आणि प्रश्न एकच आला, तो म्हणजे या ओळखपत्रावर पबमध्ये प्रवेश मिळतो का.

लोकल ८.४२

मास्तर, त्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही काय दिलेत, हे या धाग्याच्या विषयाला धरूनच आहे. कारण वयाची अट तिथेही आहे आणि तिथे अर्हता दिनांक रोजचा असतो.

ह्यूस्टनवासी

मी मूळचा दादरचा, सध्या टेक्सासमध्ये राहतो. विशेष अधिवेशनातून नोंदणीची तारीख बदलण्याचा एक प्रयोग या राज्याने साठ वर्षांपूर्वी केला आहे आणि धागाकर्त्यांना तो दोन्ही बाजूंनी विचार करायला लावील.

टेक्सासमध्ये मत देण्यासाठी मतकर भरावा लागत असे. तो १ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी या काळातच भरायचा आणि पावती जपून ठेवायची. नोव्हेंबरात होणाऱ्या निवडणुकीचे दार असे नऊ महिने आधीच बंद होई, म्हणजे उमेदवार कोण हे कळण्याआधी मतदार ठरत असत. यातून गरीब, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाचे लोक मोठ्या प्रमाणात गळत. २४ व्या घटनादुरुस्तीने १९६४ साली संघीय निवडणुकांतला मतकर गेला आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये संघीय न्यायालयाने राज्याच्या निवडणुकांतलाही रद्द केला. ३१ जानेवारी तर उलटून गेली होती. तेव्हा गव्हर्नर जॉन कॉनली यांनी विशेष अधिवेशन बोलावले, मतकराशिवाय नोंदणीचा कायदा झाला आणि मार्चमध्ये पंधरा दिवसांची जादा नोंदणी उघडण्यात आली. त्या पंधरा दिवसांत ज्यांची नावे आली, त्यांना विशेष अधिवेशनाचा फायदाच झाला.

पण त्याच कायद्यात दरवर्षी नव्याने नोंदणी करायची आणि तीही ३१ जानेवारीपर्यंतच, ही जुनी अट तशीच ठेवण्यात आली. कर गेला आणि तारीख राहिली. ती तारीख घालवायला आणखी पाच वर्षे लागली. १९७१ मध्ये संघीय न्यायालयाने वार्षिक नोंदणी घटनाबाह्य ठरवल्यावरच इथे कायम स्वरूपाची नोंदणी आली.

व्हर्जिनियाने याहून पुढची मजल मारली होती. मतकर जाणार हे दिसू लागताच १९६३ साली तिथे विशेष अधिवेशन झाले आणि जो कर भरणार नाही त्याने निवडणुकीच्या सहा महिने आधी वास्तव्याचा दाखला दाखल करावा, असा कायदा संमत झाला. दाखला प्रत्येक संघीय निवडणुकीच्या वर्षी नवा द्यायचा होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९६५ मध्ये तो कायदा रद्द केला. तात्पर्य, एकच साधन एका राज्यात दार उघडायला आणि दुसऱ्यात ते लावून घ्यायला वापरले गेले.

दोन जिने वर

आताची स्थिती काय आहे, तेही कृपया लिहावे.

ह्यूस्टनवासी

१९९३ च्या संघीय कायद्याप्रमाणे संघीय निवडणुकीसाठी नोंदणी मतदानापूर्वी ३० दिवसांहून अधिक आधी बंद करता येत नाही. टेक्सासने पूर्ण ३० दिवस वापरले आहेत. मिनेसोटात १९७४ पासून मतदानाच्या दिवशीही नोंदणी होते, तर नॉर्थ डकोटात नोंदणीची पद्धतच नाही. मात्र इथे दुबार नोंदणीची ओरड तीस दिवस ठेवूनही थांबलेली नाही, हे नायबकाकांच्या समाधानासाठी नोंदवतो.

शब्दनिष्ठ

एक शब्दविचार मांडतो. संविधानात 'विशेष अधिवेशन' असा शब्दप्रयोग विधिमंडळाच्या संदर्भात नाही. अनुच्छेद १७४ प्रमाणे राज्यपाल सभागृहाला बोलावतात आणि दोन बैठकांमध्ये सहा महिन्यांचे अंतर पडू द्यायचे नाही, एवढेच बंधन आहे. अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी ही नावे आपण ऋतू व कामकाजावरून पाडली आणि यांत न बसणाऱ्याला विशेष म्हणू लागलो. त्यामुळे विशेष अधिवेशनाला कायद्याच्या दृष्टीने काही विशेष अधिकार नसतात. विशेष असते ती घाई. २० फेब्रुवारी २०२४ रोजी मराठा आरक्षणासाठी एका दिवसाचे अधिवेशन झाले आणि त्याच दिवशी विधेयक दोन्ही सभागृहांत एकमताने संमत झाले. त्या विषयाच्या गुणदोषांत मला शिरायचे नाही. पण सकाळी मांडलेला मसुदा संध्याकाळपर्यंत संमत होत असेल, तर त्यातील स्वल्पविराम कोणी तपासला असेल? मतदार याद्यांच्या कायद्यात स्वल्पविरामाने माणसे आत-बाहेर होतात.

सनद नसलेला वकील

शब्दनिष्ठ यांच्याशी अर्धा सहमत आहे. घाई ही विशेष अधिवेशनाचीच मक्तेदारी असती, तर प्रश्न सोपा होता. ज्या दुरुस्तीने चार अर्हता दिनांक आले, ते विधेयक नियमित हिवाळी अधिवेशनात लोकसभेत २० डिसेंबर २०२१ रोजी मांडले गेले, त्याच दिवशी संमत झाले आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेतही संमत झाले. विरोधक ते स्थायी समितीकडे पाठवा म्हणत होते. त्यांचा मुख्य आक्षेप आधार जोडणीच्या कलमाला होता आणि त्या गदारोळात चार तारखांचे चांगले कलम जवळपास चर्चेविनाच पुढे गेले.

आपल्याकडचे उदाहरण तर अधिक जवळचे आहे. मुंबई पालिकेची मुदत संपली त्याच दिवशी, ७ मार्च २०२२ रोजी, अर्थसंकल्पी अधिवेशनात विधिमंडळाने एकमताने कायदा करून प्रभाग रचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतला. कारण इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचे होते आणि त्याबद्दल सर्वपक्षीय सहानुभूतीही होती. त्याआधी प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ झाली होती, ती ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा २२७ झाली. पुढे प्रकरणे न्यायालयांत अडकली आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिल्यावरच निवडणुकीची चाके फिरली. पालिकेची निवडणूक पाच वर्षांच्या आत झालीच पाहिजे असे अनुच्छेद २४३ यू सांगतो आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ साली अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात ते ठासून सांगितले होते, तरीही हे घडले.

म्हणून विशेष अधिवेशनाला माझा नकार आहे तो एवढ्यासाठी की तारखेचा विषय सभागृहात गेला की तारीख एकटी जात नाही. तिच्या पाठोपाठ प्रभाग, आरक्षण, सदस्यसंख्या असे सगळे वऱ्हाड निघते आणि निवडणूक पुढे जाते. भाचीला मत मिळावे म्हणून कायदा करायला गेलो आणि कोणालाच मत मिळाले नाही, असे होण्याची मला धास्ती वाटते.

लोकल ८.४२

थोडे गंभीरपणे लिहितो. माझा जन्म ३ जानेवारी १९८६ चा. ३ जानेवारी २००४ रोजी मी अठरा वर्षांचा झालो, तेव्हा अर्हता दिनांक दोन दिवसांपूर्वी होऊन गेला होता. त्या वर्षी लोकसभा झाली आणि ऑक्टोबरात विधानसभाही झाली. दोन्ही वेळा मी मतदान केंद्राबाहेर आजोबांची चप्पल सांभाळत उभा होतो. माझ्यापेक्षा आठच दिवसांनी मोठा असलेला शेजारचा मुलगा दोन्ही वेळा बोट दाखवत फिरला. मी पहिले मत दिले ते २००७ च्या पालिका निवडणुकीत, एकविसाव्या वर्षी. म्हणजे देशाने मतदानाचे वय अठरावर आणल्याला अठरा वर्षे होत आली, तरी माझ्यापुरते ते एकवीसच राहिले. आता चार तारखा झाल्यामुळे असे पुन्हा होणार नाही, याचा मला आनंद आहे आणि थोडासा मत्सरही आहे.

अवांतर: ते आजोबा २०११ साली गेले. यादीत ते अजून आमच्याबरोबरच राहतात.

मालाडचा मास्तर

आजोबांसाठी नमुना ७ भरावा लागेल आणि सोबत मृत्यू दाखल्याची प्रत जोडलीत तर काम सोपे होईल. चेष्टा नाही, खरोखर भरा. निम्म्या 'बोगस' मतदारांच्या घरचे लोक हा अर्ज भरायला तयार नसतात, त्यांना ते अशुभ वाटते.

चाळकरीण

मी इथे बहुतेक वाचनच करते, पण लोकल यांचा प्रतिसाद वाचून एक जुनी शंका वर आली.

माझा जन्म फेब्रुवारी १९७१ चा, गिरगावातला. मतदानाचे वय एकवीसवरून अठरा झाले त्याच वर्षी, नोव्हेंबर १९८९ च्या लोकसभा निवडणुकीत, मी मत दिले. माझे नाव यादीत आले तेव्हा आमच्या चाळीत मोठा वाद झाला होता. माझा चुलतभाऊ कायद्याच्या पहिल्या वर्षाला होता आणि त्याचे म्हणणे होते की १ जानेवारी १९८९ ला मला अठरा पूर्ण नव्हती, म्हणून माझे नाव चुकून आले आहे आणि मी मत दिले तर ते गैर होईल. वडील गिरणीत होते. ते म्हणाले की सरकारने छापले आहे, तू जा. मी गेले, मत दिले, पण परत येताना आपण काही चोरून केले असे वाटत राहिले. चुलतभावाने आजही ते धरून ठेवले आहे. इतकी वर्षे मला कोणी नीट सांगितले नाही की तो बरोबर होता की वडील.

कन्नमवारनगरी

ताईंच्या प्रश्नाचे उत्तर जाणकारांनी जरूर द्यावे. तोवर मूळ मुद्द्यावर माझी बदललेली भूमिका लिहितो. विशेष अधिवेशनाचा आग्रह मी सोडतो. नियमित अधिवेशनात पालिकांच्या कायद्यांत एवढीच तरतूद व्हावी की प्रारूप यादी प्रसिद्ध होण्याच्या दिवसापूर्वी लगतचा जो तिमाही अर्हता दिनांक असेल, त्या वेळची यादी घ्यावी. मतदानाआधी साठ दिवस असे लिहिले तर चालणार नाही, हेही चर्चेतून ध्यानात आले, कारण मतदान केव्हा होईल ते न्यायालयांनाही आधी सांगता आले नव्हते. आणि ही तरतूद पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपासून लागू व्हावी, तोंडावर आलेल्या कोणत्याही निवडणुकीला नाही.

जुना नायब

आता बोलण्यासारखे झाले. तरी एक अडचण आहे. गेल्या वर्षी प्रारूप यादी २० नोव्हेंबरला आली. तुमच्या नियमाने १ ऑक्टोबरची यादी घ्यावी लागली असती, म्हणजे एक कोटी नावे फोडायला पन्नास दिवस मिळाले असते आणि त्यात दसरा-दिवाळी आली. मी तिमाही दिनांकाच्या आधी एक शब्द घालीन, किमान नव्वद दिवस आधीचा.

कन्नमवारनगरी

नव्वद दिवस धरले तर २० नोव्हेंबरच्या आधी नव्वद दिवस म्हणजे २२ ऑगस्ट आणि त्याआधीचा अर्हता दिनांक पुन्हा १ जुलै. काका, तुम्ही मला आणि भाचीला फिरवून जिथे होतो तिथेच आणून सोडलेत.

जुना नायब

महसूल खात्यातली सवय आहे, चटकन जात नाही. पंचेचाळीस दिवस करा. विधानसभेच्या यादीत प्रत्येक घराला प्रभाग क्रमांक आधीच जोडून ठेवला, तर फोडण्याचे काम राहतच नाही आणि तेवढ्या दिवसांत निभावेल. खरे काम ते आहे. तारीख त्यानंतर आपोआप जवळ येईल.

सनद नसलेला वकील

पंचेचाळीसला माझे अनुमोदन आहे आणि हे नियमित अधिवेशनात, हरकती मागवून व्हावे.

आता चाळकरीण ताईंसाठी. तुमचे वडील बरोबर होते आणि तुमचा चुलतभाऊ ज्या नियमाचा आधार घेत होता तो नियमही खरा होता, फक्त त्या वर्षापुरता बदललेला होता. ६१ वी घटनादुरुस्ती संसदेने डिसेंबर १९८८ मध्ये संमत केली आणि ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली. १ जानेवारी तर तोपर्यंत मागे पडली होती. म्हणून १९८९ मध्येच लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० मध्येही दुरुस्ती झाली आणि कलम १४ ला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारे वाक्य, जोडले गेले, की १९८९ या वर्षी याद्या तयार करण्यासाठी किंवा सुधारण्यासाठी अर्हता दिनांक १ एप्रिल १९८९ हा असेल. फक्त त्या एका वर्षासाठी. जानेवारी ते मार्चमध्ये अठरा पूर्ण झालेली मुले त्या एका वाक्यामुळे आत आली. धागाकर्ते ज्याची मागणी करत होते, तसा एक प्रकार संसदेने तेव्हा केला होता आणि तो निवडणुकीच्या कितीतरी महिने आधी केला होता. चुलतभाऊ पहिल्या वर्षाला होते म्हणता, तर त्यांच्याकडील पुस्तक आदल्या वर्षीचे असणार.

चाळकरीण

वकीलसाहेब, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला आणि वडिलांच्या फोटोपुढे मोठ्याने एकदा वाचला. त्यांना परंतुक हा शब्द कळला नसता, पण १ एप्रिल कळले असते. चुलतभाऊ आता वकिलीतून निवृत्त होऊन बोरिवलीला राहतो. त्या दिवशी आमची पैज लागली होती आणि ती इराण्याकडच्या ब्रुन-मस्का व चहाची होती. आज संध्याकाळी त्याला फोन करते. तो इराणी आता बंद झाला आहे, तेव्हा हॉटेल मी निवडणार आहे.